चहाच्या वहीतली हजेरी

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचं आहे ठाण्याच्या चरईतल्या एका मुलीबद्दल. वकिलीची पदवी हातात पडली आणि तिनं एका संस्थेची वर्षभराची फेलोशिप घेतली. मानधन बेताचं. काम नाका कामगारांचं, म्हणजे रोज सकाळी नाक्यावर कामाची वाट बघत उभ्या राहणाऱ्या मजुरांचं. त्यांची थकलेली मजुरी, नोंदणी, रेशन. घरी थोडी कुरकुर झाली, मग मावळली.

तर सकाळी सातला ही मुलगी तुर्भे नाक्यावर उभी. तिथं तिला एक जोडी भेटली, कलबुर्गीकडची. नवरा मिस्त्रीच्या हाताखाली, बायको बिगारी. घणसोलीत एका इमारतीवर दीड महिना राबले. मुकादम उचल देत राहिला, हिशेब मात्र 'शनिवारी करू' म्हणत पुढे ढकलत गेला. शेवटी काम संपलं आणि त्यानं फोन उचलणंच बंद केलं.

हिनं विचारलं, पुरावा काय? काहीच नव्हता. हजेरीची वही मुकादमाकडं आणि मुकादम गायब. ठेकेदार म्हणाला, ही माणसं आमच्याकडं नव्हतीच.

तेव्हा ती बाई मोडक्या हिंदीत म्हणाली, "चायवाले को पूछो."

इमारतीच्या फाटकासमोर टपरी होती. गँगचा चहा मुकादमाच्या नावावर उधारीत जायचा. टपरीवाल्या काकांनी फळीखालून वही काढली. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, कोपऱ्यांवर चहाचे डाग. पानाच्या डोक्यावर मुकादमाचं नाव, त्याखाली तारखा आणि तारखेपुढं कटिंग किती, ते. काका पक्के हिशेबी. कोण प्यायलं तेही लिहायचे. 'मिस्त्री 2, कलबुर्गी नवरा-बायको 2.' ज्या दिवशी बाई तापानं झोपून होती, त्या दिवशी तिथं एकच कप. श्रोतेहो, लक्षात घ्या, खाडासुद्धा नोंदलेला!

मुलीनं पानापानाचे फोटो काढले, काकांचा जबाब लिहून घेतला आणि ठाण्याच्या कामगार कार्यालयात अर्ज दिला. सुनावणीत अधिकाऱ्यांनी ठेकेदारापुढं ती वही ठेवली. मुकादमाची उधारीही अजून थकलेलीच होती, त्यामुळं काकाही हटून बसलेले. पुढच्या तारखेला ठेकेदारानं उचल वळती करून उरलेली मजुरी चुकती केली.

म्हणूनच फुटपाथ सुशोभीकरणाच्या नावाखाली टपऱ्या उचलतात तेव्हा मला राग येतो. फेरीवाल्यांसाठी 2014 चा कायदा आहे, तो वाचा आणि मग गाडी पाठवा.

आणि 'परप्रांतीय' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनाही एक सांगतो. साताऱ्याकडून मुंबईच्या गोद्यांत पाठीवर पोती वाहायला आलेली माणसं आपलीच होती. त्यांच्यासाठी अण्णासाहेब पाटील लढले आणि 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. आज वाशीच्या बाजारात त्याच कायद्यानं हमालाच्या मजुरीची नोंद होते. मग नाक्यावरच्या माणसाची नोंद का होऊ नये?

आता कामाचं बोलतो. बांधकाम कामगार कल्याण मंडळात नाव घालायला वय 18 ते 60 लागतं आणि मागच्या वर्षभरात 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. परत सांगतो, 90 दिवसांचा दाखला. घोडं अडतं ते इथंच. ठेकेदार सही देत नाही आणि रोज मालक बदलणाऱ्यानं ती मागायची कुणाकडं? मंडळाकडं पैसा आहे. बांधकाम खर्चाचा एक टक्का उपकर त्यासाठीच घेतात. तो पोरांच्या शिष्यवृत्तीपर्यंत, दवाखान्यापर्यंत पोचायचा तर हा दाखला हवा.

मजुरी बुडाली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं. फोन नंबर 15100. लिहून घ्या, एक पाच एक शून्य शून्य.

आणि तुम्ही घराच्या दुरुस्तीला नाक्यावरून माणूस आणलात, तर संध्याकाळी पैशांबरोबर एक चिठ्ठी द्या. त्याचं नाव, तारीख, काम, दिलेली मजुरी आणि खाली तुमची सही, फोन नंबरासकट. आमची ही मुलगी सध्या अशाच चिठ्ठ्या एकेका कामगाराच्या नावानं फाईलला लावते आहे, 90 दिवस भरेपर्यंत.