रील बघून चढलेली उभारी टिकत का नाही? | खापरावरचा मांडा आणि पांझरेचा फड

बठ्ठासले राम राम!

तुमच्याही मोबाईलवर तो माणूस येत असेल. पहाटे चारला उठतो, गार पाण्यानं अंघोळ करतो, पळायला जातो, सहाच्या आत अर्धं पुस्तक वाचून काढतो आणि वर आपल्यालाच विचारतो, ‘तुम्ही काय करताय?’ झोपलोय, भाऊ. मे महिन्यात जळगावात मध्यरात्रीपर्यंत भिंतीला हात लावता येत नाही. डोळा लागतो एकला, चारला कोण उठणार?

चेष्टेचा भाग सोडा. असलं काही बघितलं की पाच मिनिटं अंगात वारं भरतं आणि चहा होईपर्यंत उतरतं. हे सगळ्यांचंच होतं, त्यात तुमचा आळस वगैरे काही नाही. व्हिडिओत एक गोष्ट गाळलेली असते. कुठली, ते आज बघू. त्यासाठी आधी थोडं अमेरिकेत जाऊ आणि लगेच परत खान्देशात येऊ.

1987 साली डेल शंक या शिक्षण-मानसशास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणितात मागे पडलेल्या शाळकरी मुलांना व्हिडिओ दाखवले. विषय अपूर्णांकांचा, म्हणजे भल्याभल्यांना घाम फोडणारा. काही मुलांच्या व्हिडिओत त्यांच्याच वयाचा मुलगा फळ्यावरची गणितं पहिल्यापासून बिनचूक सोडवतो, ‘मला येतं हे’ म्हणतो. दुसऱ्या मुलांच्या व्हिडिओत तसाच एक मुलगा आधी चुकतो, ‘मला नाही वाटत जमेल’ असं बोलून दाखवतो आणि मग बाईंचं ऐकत, पुन्हा मांडत, हळूहळू जमवतो. अडखळणाऱ्याला बघितलेल्या मुलांना ‘आपल्यालाही येईल’ जास्त वाटलं. नुसतं वाटलं नाही, त्यांची गणितंही जास्त सुटली. ‘हा माझ्यासारखा आहे’ असंही त्याच मुलांनी जास्त म्हटलं.

त्यात एक बारकावा आहे, तो मला फार आवडतो. पुढच्या प्रयोगात एकाऐवजी बरीच मुलं दाखवली, तेव्हा बिनचूक सोडवणाऱ्यांना बघूनही फायदा झाला. कमी पडला तो एकटा हुशार मुलगा. आणि आपल्या मोबाईलवर रोज कोण येतो? एकटा हुशार मुलगा.

आता चला आखाजीच्या दिवशी कुणाच्याही मागच्या अंगणात.

[स्क्रीनवर: चुलीवर पालथं घातलेलं खापर]

पुण्या-मुंबईकडच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात, त्या दिवशी आंब्याचा रस लागतोच आणि रसासोबत मांडे. खापर म्हणजे मातीचं मोठं भांडं, चुलीवर पालथं ठेवलेलं. त्याच्या फुगीर पाठीवर पुरणाची पोळी भाजायची. पोळपाट-लाटण्याचं इथं काही काम नसतं. कणीक इतकी सैल की नवख्याच्या बोटांतून सुटून जाते. उंडा पुरण भरून थोडा थापायचा, मग हाताच्या पाठीवर घ्यायचा आणि या हातावरून त्या हातावर फिरवत फिरवत वाढवायचा. वजनानं तो आपोआप खाली ओघळतो, कोपरापर्यंत येतो, पलीकडचं अंगण दिसावं इतका पातळ होतो. तेवढ्यात तो खापरावर सोडायचा, एकाही घडीशिवाय.

नव्या सुनेचा पहिला मांडा फाटतो. फाटणारच. पुरण खापरावर पडतं, साखर जळल्याचा वास सुटतो, धूर डोळ्यांत जातो आणि आजूबाजूच्या साताठ बाया बघत असतात. अशा वेळी जुनी जाणती बाई काय करते ते नीट बघा. ती बोलत नाही. ओल्या फडक्यानं खापर पुसते आणि पुढचा उंडा पुन्हा त्याच पोरीच्या हातावर ठेवते. फार तर म्हणेल, ‘फाटनं ते फाटू दे वं माय, पोटमा बठ्ठं एकच.’ मग स्वतःचा मांडा हातावर घेते आणि दहातला एखादा तिचाही फाटतो! फाटला तर कणकेचा बोटभर तुकडा घेऊन तिथंच ठिगळ लावते, भाजून काढते आणि टोपलीत टाकते. पोरीनं ते ठिगळ बघितलेलं असतं. शंकसाहेबांचा प्रयोग इथं दर आखाजीला होतो, फक्त निबंध कोणी छापत नाही.

यूट्यूबवर मांड्यांचे भरपूर व्हिडिओ आहेत. शोधून बघा, फाटलेला मांडा कुठे सापडतो का. तो एडिटिंगमध्ये जातो. मीही याच धंद्यात आहे, त्यामुळे कुणाला नावं ठेवत नाही. पण बघणाऱ्याच्या कामाचा भाग नेमका तोच होता.

पण एक अडचण आहे. चूक दिसली की माणसाला हुरूप येतोच असं नाही. तीच पोर, तोच मांडा आणि शेजारी टोमणा मारणारी कोणी असली, तर ती पुन्हा खापरासमोर बसत नाही. चुकायची मुभा कोणीतरी द्यावी लागते. यालाच आपण माया म्हणतो. ती दाखवताना आपण फार कंजुषी करतो, आणि त्याचं कारण खिसा नसतो.

अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोघा संशोधकांनी शिकागोत हिवाळ्यात एक साधा प्रयोग केला. बर्फावर घसरायच्या मैदानाजवळ लोकांना गरम हॉट चॉकलेट दिलं आणि सांगितलं, तुम्हाला हवं तर ठेवा, नाहीतर इथल्या कुणा अनोळखी माणसाला द्या. ज्यांनी दिलं त्यांना विचारलं, समोरच्याला किती बरं वाटलं असेल? देणाऱ्यांचा अंदाज कमी निघाला. देणारा वस्तूकडे बघतो: एक कप, त्यात काय एवढं. घेणाऱ्याला त्या कपाबरोबर ‘कोणीतरी आपला विचार केला’ हे मिळालेलं असतं, ते देणाऱ्याच्या हिशेबात येतच नाही. म्हणून आपण मदत करायला कचरतो. एवढ्याशानं काय होणार, वाटतं.

होतं की. गाडीवरून जाताना ‘ओ ताई, ओढणी!’ म्हणून ओरडणारा माणूस दोन सेकंदांत वळून निघून जातो. ती ताई संध्याकाळी घरी ते सांगत असते.

आपल्या अमळनेरचं उदाहरण तर सगळ्यांना ठाऊक आहे, तरी सांगतो. साने गुरुजी 1924 ते 1930 तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि छात्रालयही सांभाळत. मुलं शाळेत गेली की हा माणूस त्यांच्या खोल्या झाडायचा, अंथरुणं आवरायचा, कपड्यांच्या घड्या घालायचा. भाषण नाही, शिक्षा नाही. मुलं हळूहळू स्वतःच खोल्या आवरायला लागली. गुरुजींचं नाव आलं की आपण डोळे पुसतो आणि मोकळे होतो, ही मला नेहमी खटकणारी गोष्ट. झाडू मारणं हा मुलांना घडवायचा भागच होता.

पण सगळीकडे गुरुजी मिळत नाहीत. चांगला माणूस भेटला तर निभावलं, नाही भेटला तर नशीब, असं कुठवर चालणार? अडचण रोज येते. म्हणून मला पांझरा नदीकाठची गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते.

[स्क्रीनवर नकाशा: साक्री, पांझरा, धुळे, तापी]

पांझरा साक्री तालुक्यात उगम पावते, धुळे शहरातून जाते आणि पुढे तापीला मिळते. या नदीवर तीन-चारशे वर्षांपूर्वीपासून छोटे दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटातून चाऱ्या, आणि जास्तीचं पाणी सांडमातून परत नदीत. पाटाखालच्या सगळ्या जमिनीचे मोठे तुकडे पाडलेले, ते फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. या फडात ऊस, त्या फडात धान्य, आणि दरवर्षी आलटून-पालटून. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांचा मेहनताना धान्यात. पाट साफ करायला घरटी माणूस द्यायचा.

खरी गंमत जमिनीच्या वाटणीत आहे. एकाच शेतकऱ्याचे तुकडे निरनिराळ्या फडांत असायचे. का? पाऊस कमी झाला की गाव बसून ठरवायचं, यंदा अमुक फडालाच पाणी, बाकीचे कोरडवाहू. आता विचार करा. माझी सगळी जमीन एकाच फडात असती आणि तोच बंद झाला असता, तर माझं वर्ष गेलं. पण माझा एक तुकडा बंद फडात आणि एक चालू फडात. शेजाऱ्याचंही तेच. दुष्काळ आला तर प्रत्येकाच्या ताटातली थोडी थोडी भाकरी कमी होणार, एकाचं अख्खं ताट रिकामं राहणार नाही. कुणाला कुणाच्या दारात हात पसरावा लागत नाही आणि कुणी उपकार केल्याचं मिरवतही नाही.

हे काही रामराज्य नव्हतं. ज्याला जमीनच नाही, त्याच्या वाट्याला या पाण्यातलं काही नव्हतं, हे झाकायचं कारण नाही. पुढे वर धरणं आली, विहिरी-बोअर झाले, ज्याचा पंप त्याचं पाणी झालं आणि बऱ्याच ठिकाणी फड मोडले. पण इतकी वर्षं हे चाललं ते एका साध्या गोष्टीवर: वाईट वर्ष येणार हे धरूनच पाणी वाटलेलं होतं.

आपण घरात, दुकानात, क्लासमध्ये असं काही धरत नाही. पोरगं नापास झालं की मग काय करायचं ते ठरवायला बसतो. दुकानातल्या पोऱ्याकडून पहिल्याच आठवड्यात माल चुकीचा गेला की ओरडायचं की दाखवायचं, हे आपल्या त्या दिवशीच्या मूडवर ठरतं. माझ्या ओळखीच्या एका शिवणकामवाल्या ताईंनी मात्र हे आधीच ठरवून टाकलंय. नव्या मुलीला त्या पहिला महिना फक्त कटपीसच्या कापडावर बसवतात. कापड वाया जाणार हे त्यांच्या खर्चात आधीच धरलेलं असतं, आणि त्यांच्या स्वतःच्या उसवलेल्या शिलाया तिथंच खुंटीला टांगलेल्या असतात. त्यांच्याकडून मुली काम सोडून जात नाहीत.

आता तुमच्याकडे एक काम आहे. साक्री, धुळे, बागलाण या भागात कुणाच्या गावाला फडाच्या पाळ्या अजून चालू असतील, तर गावाचं आणि बंधाऱ्याचं नाव कमेंटमध्ये लिहा. जुना पाटकरी भेटला तर त्यांनाच कॅमेऱ्यासमोर बसवू, माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मी यायला तयार आहे, कधीही. मे महिना सोडून.