टांगती तारीख

[दृश्य: मिसिसिपी डेल्टा, पहाट. दोन्ही अंगांना कापसाची सपाट शेतं, मधून सरळ जाणारा रस्ता.]

निवेदन :
अमेरिकेच्या दक्षिणेतला मिसिसिपी डेल्टा. इथलं रुलव्हिल हे छोटं गाव. विद्यापीठाचं मोठं रुग्णालय आहे जॅक्सनला, मोटारीनं साधारण दोन तासांवर. मधुमेहाच्या तज्ज्ञाला दाखवायचं म्हणजे जाऊन-येऊन अख्खा दिवस. घरात गाडी चालवणारं कुणी नसेल तर दाखवणं राहूनच जातं.

२०१४ मध्ये या भागात एक प्रयोग सुरू झाला. मधुमेहाच्या रुग्णांच्या हातात टॅब दिले. रोजची साखर घरी तपासायची, आकडा थेट जॅक्सनच्या परिचारिकांना दिसायचा. काही बिघडलं की त्याच फोन करायच्या.

प्रयोग म्हणून हे झालं. पण रोजच्या उपचारांचे पैसे कोण भरणार?

[दृश्य: जुनं कृष्णधवल चित्रण. १९६५, मेडिकेअर कायद्यावर सही करताना राष्ट्राध्यक्ष जॉन्सन.]

पासष्टीच्या पुढच्या अमेरिकनांचा मुख्य आधार म्हणजे मेडिकेअर, सरकारी आरोग्य विमा. दूरस्थ उपचारांचे पैसे द्यायला या विम्यानं १९९९ मध्ये सुरुवात केली. ती सवलत ग्रामीण रुग्णांसाठीच होती, पण तिला एक विचित्र अट होती. रुग्णानं आधी एखाद्या मान्य दवाखान्यात किंवा रुग्णालयात जायचं, आणि तिथल्या पडद्यावर दूरच्या डॉक्टरांशी बोलायचं. स्वतःचं घर चालत नसे. ज्याला प्रवास झेपत नाही म्हणून सोय केली, त्यालाच प्रवास करायला लावणारा हा कायदा होता. त्यात भर म्हणजे २०१० नंतर शंभराहून अधिक ग्रामीण रुग्णालयं बंद पडली किंवा तिथं रुग्ण दाखल करून घेणं थांबलं.

मार्च २०२० मध्ये करोनानं ही अट बाजूला सारायला लावली. घरून बोला, व्हिडिओ जमत नसेल तर साध्या फोनवर बोला, विमा पैसे देईल. डेल्टासारख्या भागात साध्या फोनची ही मुभा फार मोलाची, कारण चांगलं इंटरनेट सगळीकडे पोचलेलं नाही.

मानसिक आरोग्याच्या उपचारांसाठी घराची मुभा पुढे कायम झाली. बाकीच्यांना मिळत राहिली ती मुदतवाढ. आधी २०२४ अखेरपर्यंत, मग ३१ मार्च २०२५, मग ३० सप्टेंबर.

[दृश्य: वॉशिंग्टन. सरकारी इमारतीचं बंद दार.]

१ ऑक्टोबर २०२५ रोजी अर्थसंकल्पाच्या वादात सरकारी कामकाज ठप्प झालं. ते ४३ दिवस ठप्प राहिलं. मुदतही त्याच रात्री संपली होती. पैसे मिळतील की नाही, डॉक्टरांना सांगता येईना. कुणी ठरलेल्या भेटी रद्द केल्या, कुणी रुग्णांना दवाखान्यात बोलावलं. नोव्हेंबरात सवलत परत आली, मागच्या तारखेपासून लागू झाली. बिलं मागच्या तारखेनं भरता आली. चुकलेली तपासणी मागच्या तारखेनं होत नाही.

[दृश्य: सिनेटचं सभागृह.]

हवाईचे ब्रायन शॅट्झ डेमोक्रॅट, मिसिसिपीचे रॉजर विकर रिपब्लिकन. दोघांनी मिळून 'कनेक्ट फॉर हेल्थ' विधेयक पहिल्यांदा २०१६ मध्ये आणलं. गावाची अट काढा आणि रुग्णाचं घर कायमचं मान्य करा, ही त्यातली मुख्य मागणी. एप्रिल २०२५ मध्ये ते पुन्हा मांडलं गेलं तेव्हा शंभरपैकी साठ सिनेटरांची नावं त्यावर होती. अमेरिकेच्या आजच्या राजकारणात दोन्ही पक्षांचे इतके लोक एका कागदावर क्वचित दिसतात.

अडतं ते खर्चावर. घरबसल्या सोय झाली की लोक डॉक्टरांकडे जास्त वेळा जातील आणि तिजोरीवर भार पडेल, ही भीती. गैरव्यवहाराचीही शंका आहे, आणि ती निराधार नाही. पण त्यासाठी बिलं तपासावीत. डेल्टातल्या म्हातारीला पुढच्या वर्षीची भेट ठरवता येऊ नये, हा त्यावरचा उपाय नव्हे.

[दृश्य: स्वयंपाकघरातलं टेबल. साखर तपासायचं यंत्र, औषधांची डबी, दोरीचा फोन. भिंतीवर दिनदर्शिका, एका चौकोनात पेन्सिलनं वेळ लिहिलेली. फोन वाजतो.]