डॉलर, पामतेल आणि सुखोई

15 जानेवारी 1998, जकार्ता. राष्ट्राध्यक्ष सुहार्तो टेबलावर वाकून सही करतायत आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे प्रमुख मिशेल कामदेस्यू हाताची घडी घालून त्यांच्या डोक्याशी उभे आहेत. हा फोटो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. इंडोनेशियात त्याची चीड अजून गेलेली नाही. मला आज फोटोपेक्षा त्या कागदाबद्दल, म्हणजे नाणेनिधीच्या कर्जाच्या अटींबद्दल बोलायचंय. त्यातली एक अट अशी होती की बांडुंगच्या सरकारी विमान कारखान्याला यापुढे तिजोरीतून पैसा मिळणार नाही. आणि त्याच महिन्यात रशियाकडून घ्यायच्या बारा सुखोई-30 लढाऊ विमानांचा सौदाही सरकारने गुंडाळला.

ही सुखोईची गोष्ट जरा मागून सांगतो. इंडोनेशियाला आधी हवी होती नऊ एफ-16. ती पाकिस्तानसाठी बनलेली, अमेरिकेने अडकवून ठेवलेली. पण इंडोनेशियाच्या ताब्यातल्या पूर्व तिमोरमधल्या अत्याचारांवरून अमेरिकी काँग्रेसमध्ये गदारोळ झाला आणि जून 1997मध्ये सुहार्तोंनी उलट कळवलं, की तुमची विमानं नकोत. ऑगस्टमध्ये सुखोईची घोषणा झाली. त्याच ऑगस्टच्या 14 तारखेला रुपिया, म्हणजे इंडोनेशियाचं चलन, बाजारावर सोडून द्यावं लागलं! वर्षाच्या मध्याला डॉलरला साधारण 2,400 रुपिया पडत होते. जानेवारीत हा भाव 15,000च्याही पलीकडे जाऊन आला. विमानाची डॉलरमधली किंमत एका सेंटनेही वाढली नव्हती. पण कर भरणारा माणूस रुपियात भरतो.

पुणेकरांना यात एक गंमत आहे. आपल्या लोहगावला सुखोई-30 हवाई दलात रीतसर दाखल झाली ती त्याच 1997च्या जूनमध्ये. पुढच्या वर्षी भारताने आणखी दहा सुखोई-30के घ्यायचं ठरवलं, ती मूळची इंडोनेशियाच्या वाट्याची. आधीची आठ आणि ही दहा, अशी आपल्याकडची ती सगळी अठरा विमानं नंतर रशियाला परत गेली आणि त्यातली बारा अंगोलाने उचलली. एका देशाचं चलन घसरलं आणि विमानं कुठल्या कुठे फिरली बघा.

पण नवी विमानं न मिळणं हा त्यातला सोपा भाग. खरी अडचण असते ती हँगरमध्ये उभ्या असलेल्या विमानांची. लढाऊ विमान उडवलं नाही तरी खर्च मागतं. वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या सीटखालच्या स्फोटक काडतुसांना मुदत असते. विमान वर्षभर जागचं हललं नाही तरी ती संपते. रबराची सीलं सुकतात. टायर, बॅटऱ्या, इंजिनाचं ओव्हरहॉल, सगळं डॉलरमध्ये. मग एसटीच्या डेपोत होतं तसंच होतं: एका गाडीचा पार्ट काढून दुसरी रस्त्यावर आणायची. ज्या विमानातून पार्ट निघतात ते कागदोपत्री ताफ्यात राहतं, म्हणून विमानांची संख्या वाचून कुठल्याही हवाई दलाची ताकद ठरवू नका असं मी नेहमी सांगतो.

इंडोनेशियाने हे आधीही भोगलं होतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्णोंनी सोव्हिएत कर्जावर मिग-21 आणि टीयू-16 बॉम्बर घेतले. दक्षिण गोलार्धात त्या तोडीचं हवाई दल क्वचितच कुणाकडे होतं. 1965पर्यंत महागाई वर्षाला शेकडो टक्क्यांवर गेली, सत्ता सुहार्तोंकडे सरकली, कम्युनिस्टांची कत्तल झाली आणि मॉस्कोहून येणारे सुटे भाग आटले. हवाई दलप्रमुख ओमर धानी तुरुंगात गेले. काही वर्षांत ती सगळी विमानं जमिनीवर बसली. त्यातली काही मिग-21 पुढे थेट अमेरिकेत पोचली. नेवाडात अमेरिकी वैमानिक त्यांच्याशी गुपचूप लढाईचा सराव करत. आता याला काय म्हणायचं!

1999मध्ये पूर्व तिमोरमध्ये पुन्हा हिंसाचार झाला. अमेरिकेने लष्करी विक्री थांबवली, युरोपनेही काही महिने दार लावलं. आधीच पैसा नाही, त्यात जे विकत घेता आलं असतं तेही बंद. 3 जुलै 2003ला जावा समुद्रात बावेआन बेटाजवळ अमेरिकी नौदलाची हॉर्नेट विमानं घिरट्या घालत होती. त्यांना हटकायला माडियुनच्या तळावरून इंडोनेशियाची दोन एफ-16 गेली. ज्या देशाने सुटे भाग अडवले, त्याच देशाच्या विमानांना त्याच देशात बनलेल्या विमानांनी हटकायचं! इंडोनेशियाच्या वैमानिकांना पंख हलवून 'आम्ही हल्ला करायला आलो नाही' असा इशारा द्यावा लागला. प्रकरण मिटलं.

त्या वर्षी मेगावती सुकार्णोपुत्री राष्ट्राध्यक्ष होत्या. त्यांनी रशियाशी सौदा केला: दोन सुखोई-27, दोन सुखोई-30, दोन हेलिकॉप्टर, आणि मोबदल्यात पामतेलासारखा शेतमाल. व्यवहारात बुलॉग उतरली, म्हणजे तांदळाची खरेदी आणि साठा बघणारी सरकारी संस्था. संसदेने चौकशी लावली, की संरक्षण खात्याच्या अंदाजपत्रकाला वळसा घालून हे झालंच कसं? विमानं आली तेव्हा त्यांच्यासोबत शस्त्रं नव्हती. माझं मत विचाराल तर चार विमानं संचलनापुरती ठीक. त्यांच्यासाठी वेगळी अवजारं, वेगळे मेकॅनिक, वेगळं कोठार, आणि शेजारी अमेरिकी एफ-16, ब्रिटिश हॉक. पण वेडेपणा म्हणून मी ते सोडून देणार नाही. ज्याला दोनदा सुटे भाग नाकारले गेले, तो तिसऱ्यांदा एकाच दुकानात कसा जाईल?

आणि मग 26 डिसेंबर 2004. त्सुनामीने आचेचा, म्हणजे सुमात्राच्या उत्तर टोकाच्या प्रांताचा, पश्चिम किनारा धुऊन नेला, रस्ते राहिले नाहीत. अशा वेळी लागतं मालवाहू विमान. अमेरिकी बनावटीची हर्क्युलिस होती, पण सुट्या भागांअभावी त्यातली बरीच उडत नव्हती. अमेरिकेने जानेवारीत तेवढ्यापुरती बंदी सैल केली आणि पार्ट दिले. आचे या नावापाशी मी थांबतो, कारण 1948मध्ये याच आचेच्या लोकांनी वर्गणी काढून, अंगावरचं सोनं देऊन नव्या प्रजासत्ताकाला एक डकोटा विमान घेऊन दिलं होतं, सेउलावाह नावाचं. ते दुरुस्तीसाठी कोलकात्यात होतं तेव्हा डच फौजांनी प्रजासत्ताकाची राजधानी योग्यकर्ता घेतली. विमानाला घरच उरलं नाही. मग ते रंगूनला गेलं, जानेवारी 1949पासून तिथे भाड्याने उडालं आणि मायदेशासाठी पैसे कमावू लागलं.

अमेरिकेची बंदी नोव्हेंबर 2005मध्ये उठली, पण जुनेपणा कायद्याने जात नाही. मे 2009मध्ये माडियुनजवळ एक हर्क्युलिस पडलं, शंभराच्या आसपास माणसं गेली. जून 2015मध्ये मेदान शहरात दुसरं पडलं, सव्वाशेच्या वर गेली. प्रत्येक अपघाताचं कारण वेगळं असतं आणि सगळं गरिबीवर ढकलणं बरोबर नाही. तरी दर वेळी जकार्तात ताफ्याच्या वयाचा प्रश्न निघाला.

आता 2022मध्ये त्यांनी 42 राफेलचा करार केला. दक्षिण कोरियाबरोबरच्या लढाऊ विमान प्रकल्पात त्यांचा वाटा पाचवा हिस्सा ठरला होता. हप्ते थकत गेले आणि शेवटी तो सुमारे 1.6 लाख कोटी वॉनवरून 60,000 कोटींवर आणावा लागला. राफेल येईपर्यंत कतारची वापरलेली बारा मिराज लढाऊ विमानं घ्यायची होती, तीही जानेवारी 2024मध्ये पैशाअभावी लांबणीवर टाकल्याचं सरकारने सांगितलं. लोकांनी त्याची थट्टा केली. मला मात्र तो निर्णय बरा वाटला. वीस-पंचवीस वर्षं वापरलेली विमानं, त्यांचं पुन्हा वेगळं कोठार, तेही मधल्या काही वर्षांपुरतं. त्या पैशात हातातल्या एफ-16 आणि सुखोई नीट उडत्या ठेवता आल्या तर तेच शहाणपणाचं आहे. ठेवतील का, हे पुढच्या दोन-तीन अंदाजपत्रकांतल्या देखभालीच्या रकान्यात दिसेल.