नेमके पाहण्याचे सुख

अध्यक्ष महोदय आणि रसिक श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेवर आजच्या व्याख्यानाचा विषय ‘कविता, निसर्ग आणि साधी सुखे’ असा छापला आहे. या तिन्ही गोष्टींपासून आनंद मिळतो हे आपल्याला मान्य असणारच, नाहीतर सुटीची संध्याकाळ आपण या सभागृहात घालवली नसती. म्हणून ते सिद्ध करण्यात मी वेळ दवडत नाही. माझे म्हणणे थोडे निराळे आहे. या तिन्हींचा आनंद एकाच ठिकाणाहून येतो, आणि ते ठिकाण म्हणजे नेमकेपणा. समोरची वस्तू तिच्या बारकाव्यांसह दिसली की मन प्रसन्न होते. तीच ढोबळपणे दिसत राहिली, तर ती कितीही सुंदर असो, आपल्याला तिचा कंटाळा येतो. आधी कविता, मग निसर्ग आणि शेवटी रोजचे जगणे अशा क्रमाने मी हे मांडणार आहे आणि तिन्हींना सारखाच वेळ देईन असा शब्द मी आयोजकांना दिला आहे.

अकराव्या शतकातील संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने आपल्या ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथाच्या आरंभीच काव्याची सहा प्रयोजने सांगितली आहेत: यश, धन, व्यवहारज्ञान, अमंगलाचा नाश, तत्काळ मिळणारा परमानंद आणि प्रेयसीने गोडीने समजवावे तसा उपदेश. (धनाचा उल्लेख होताच पहिल्या रांगेतील कविमंडळी हसली, याची आयोजकांनी मानधन ठरवताना नोंद घ्यावी.) श्लोकात आनंदाचा क्रमांक पाचवा लागतो खरा, पण त्याखालच्या वृत्तीत, म्हणजे गद्य स्पष्टीकरणात, मम्मट स्पष्ट सांगतो की सर्व प्रयोजनांच्या शिरोभागी हाच आहे: रसाचा आस्वाद घेताक्षणी उद्भवणारा आणि दुसऱ्या कशाचेही भान उरू न देणारा आनंद. आता आपण काय केले ते पाहा. आपण सहांपैकी शेवटचे प्रयोजन उचलले, त्यातली प्रेयसी वगळली आणि उरलेला कोरडा उपदेश अभ्यासक्रमात घातला.

येथे मला एका जुन्या तक्रारीला वाट करून द्यावीशी वाटते. माझ्या निकटवर्तीयांनी ती अनेकदा ऐकली आहे. त्यांनी या अवधीत पाय मोकळे करून आले तरी चालेल. काही वर्षांपूर्वी उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांच्या एका मंडळावर मी होतो. प्रश्न बालकवींच्या ‘औदुंबर’ या कवितेवर होता: ‘औदुंबर हे कशाचे प्रतीक आहे ते स्पष्ट करा.’ सोबत आलेल्या आदर्श उत्तरात औदुंबर हा संसाराकडे अलिप्तपणे पाहणारा विरक्त योगी असल्याचे नमूद केले होते आणि योगी सापडला की गुण द्यावेत, अशी सोय होती. त्यामुळे आम्ही सगळेच योगी शोधत होतो. एका गठ्ठ्यात शंभर योगी निघाले, आणि त्यांतल्या एकाच्याही पायाला पाणी लागलेले नव्हते.

मग एक उत्तर असे आले: ‘औदुंबर हे झाड आहे. झरा वाहतो आहे, पायवाट चालली आहे, पण झाड पाण्यात पाय सोडून बसले आहे आणि त्याला कोठेही जायचे नाही. पायवाट डोहाकडे जाते म्हणून आपणही तेथपर्यंत जातो आणि थांबतो. मला ते वाचून बरे वाटले.’ मी ते दोनदा वाचले आणि शेजाऱ्यांकडे सरकवले. ते म्हणाले, ‘प्रतीक कोठे आहे?’ मी म्हणालो की या मुलाने कवितेतली क्रियापदे पाहिली आहेत. वाहणे, चालणे आणि सरतेशेवटी बसणे हा या कवितेचा सगळा प्रवास त्याने चार वाक्यांत सांगितला आहे. प्रकरण मुख्य परीक्षकांकडे गेले. त्यांनी ‘बरे वाटले’ या शब्दांखाली लाल रेघ ओढली आणि शेरा दिला: ‘वैयक्तिक मत विचारलेले नाही.’ बऱ्याच वादावादीनंतर त्या मुलाला एक गुण मिळाला, आणि तोही, मला सांगण्यात आले त्याप्रमाणे, सुवाच्य अक्षराबद्दल.

गैरसमज नको म्हणून सांगतो, प्रतीकांशी माझे वैर नाही. त्या कवितेवर समीक्षकांनी पिढ्यान् पिढ्या वाद घातले आहेत आणि त्यांतले काही वाद वाचण्याजोगे आहेत. माझे म्हणणे एवढेच की झाड दिसण्यापूर्वी योगी दिसू नये. अवघ्या आठ ओळींच्या या कवितेत हिरवा, निळासावळा, पांढरा आणि काळा असे चार रंग आहेत, झऱ्याला दोन तट आहेत, टेकडीकडच्या गावात घरे चार आहेत आणि पायवाट सरळ न जाता अडवीतिडवी पडलेली आहे. ‘आनंद’ हा शब्द त्यात एकदाही येत नाही, तरी वाचून बरे वाटते, आणि ते का वाटते याचे उत्तर या नेमक्या तपशिलात आहे.

औदुंबराचा विषय निघालाच आहे तर त्याच्यावरून निसर्गाकडे वळतो. क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण उंबराचे फूल म्हणतो. प्रत्यक्षात उंबराला फुले भरपूर येतात. आपण ज्याला फळ म्हणतो त्याच्या पोकळीत, आतल्या अंगाला, ती दाटीवाटीने बसलेली असतात. फळाच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रातून एक इवलीशी गांधीलमाशीच्या कुळातली मादी आत शिरते, परागीभवन करते, तेथेच अंडी घालते, आणि तिची पुढची पिढी त्याच अंधारात वाढून पराग घेऊन बाहेर पडते. हे कळल्यानंतर खोडाला लगडलेल्या उंबरांकडे पूर्वीसारखे पाहता येत नाही. माहितीमुळे निसर्गाचे गूढ नाहीसे होते, असे हळहळत सांगणारे लोक मला भेटतात. माझा अनुभव उलट आहे. झाडाचे नावही ज्याला ठाऊक नाही, त्याचे निसर्गप्रेम बहुधा ‘किती छान’ या उद्गाराशी सुरू होऊन तेथेच संपते.

बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हते. दळताना, कांडताना, शेतात राबताना त्या ओव्या रचत गेल्या आणि त्यांच्या निधनानंतर, 1952 मध्ये, त्या पुस्तकरूपाने आपल्यापर्यंत आल्या. सुगरणीचा खोपा त्यांनी आईने पिलांसाठी झाडाला टांगलेल्या झोक्यासारखा पाहिला. पक्षिनिरीक्षक यावर सांगतील की खोपा विणतो तो नर, आणि मादी अर्धवट विणलेल्या खोप्याची तपासणी करून पसंती कळवते. हे खरे आहे, आणि त्यामुळे माझा आनंद दुप्पट झाला. कवितेतल्या आईला मी सोडलेले नाही, आणि घर दाखवून नकार ऐकणाऱ्या त्या नराबद्दल मला नवी सहानुभूती वाटू लागली आहे.

अध्यक्षांकडून चिठ्ठी आली आहे. तीत लिहिलेला आकडा फारच छोटा आहे, त्यामुळे ज्यासाठी मला मुख्यतः बोलावले होते तो तिसरा भाग आता घाईने सांगणे भाग आहे.

मन सवयीने बधिर होते. हे सर्वांना ठाऊक आहे, पण मोठ्या सुखानेही ते बधिर होऊ शकते हे कमी लोकांना ठाऊक असते. 1978 मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी लॉटरीत मोठी रक्कम जिंकलेल्या 22 जणांची तुलना इतरांशी केली. विजेते फारसे अधिक सुखी आढळले नाहीत. शिवाय मित्राशी गप्पा मारणे, नाश्ता करणे, विनोद ऐकणे अशा रोजच्या गोष्टींतून त्यांना इतरांपेक्षा कमी आनंद मिळत होता. याच्या उलट टोकाला 1984 मध्ये प्रसिद्ध झालेले एक निरीक्षण आहे. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती त्या 23 रुग्णांना विटांची भिंत दिसणाऱ्या 23 रुग्णांपेक्षा सरासरी पाऊण दिवस लवकर घरी जाता आले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. दोन्ही अभ्यास लहान आहेत, त्यांवर मोठे इमले बांधू नयेत. पण सुखाचा आकार आणि सुखाचा अनुभव या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढे त्यांवरून म्हणता येते.

मग करायचे काय? एखादी कविता पाठ करावी, कारण पाठ करताना कोणता शब्द कोठे आहे याकडे लक्ष द्यावेच लागते आणि वरवरच्या वाचनात निसटलेला ‘अडवीतिडवी’ तेव्हा हाती लागतो. रोजच्या वाटेवरचे एक झाड वर्षभर पाहावे. दहा झाडे पाहण्याचा संकल्प आठवड्यात मोडतो. आणि अंघोळ, कपड्यांच्या घड्या किंवा चालणे यांपैकी एक काम असे ठेवावे की ते करताना दुसरे काहीही करायचे नाही. याहून मोठा कार्यक्रम माझ्याकडे नाही.

दोन इशारे देऊन थांबतो. साध्या सुखांचे हे व्याख्यान ज्याची मजुरी थकली आहे त्याला ऐकवू नये. त्याला आधी मजुरी द्यावी. बहिणाबाईंनी राबता राबता गाणी रचली म्हणून राबणे गोड होत नाही. दुसरे असे की ‘आनंदी आनंद गडे’ लिहिणाऱ्या बालकवींनीच हृदयाला बोचणारी, कोठून येते ते न कळणारी उदासीनताही लिहिली. 1918 मध्ये, तिशीही गाठण्यापूर्वी, त्यांचा मृत्यू झाला. नेमके पाहणाऱ्याला पालवी दिसते तशी तोडलेली फांदीही दिसते, आणि ती दिसू नये अशी काही युक्ती मला सापडलेली नाही. त्याबद्दल बोलायला वेगळे व्याख्यान लागेल आणि अध्यक्ष तर आता उभेच राहिले आहेत.