सेल्बर्नची शीव

मंडळी, इंग्लंडच्या हॅम्पशर काउंटीत, पार पूर्वेच्या टोकाला, सेल्बर्न नावाचं खेडं आहे. गिल्बर्ट व्हाइट तिथेच १७२० साली जन्मले आणि तिथल्याच चर्चमध्ये त्यांनी धर्मगुरूचं काम केलं. गावातले पक्षी, किडे, पाऊसपाणी यांच्या त्यांनी केलेल्या नोंदी १७८९ साली पुस्तकरूपाने आल्या. त्यात जाता जाता एक माहिती दिली आहे, ती मला फार मोलाची वाटते. सेल्बर्न पॅरिशची शीव फिरणाऱ्यांचे तीन दिवस त्या कामात जातात, आणि सगळी वळणं, खाचा धरून ती तीस मैलांच्या खाली नाही असा त्यांचा अंदाज आहे, असं व्हाइट सांगतात.

तीन दिवस माणसं कशासाठी चालत असतील? पॅरिश म्हणजे एका चर्चच्या कक्षेतलं गाव आणि त्याचं शिवार. १५५५ च्या कायद्याने रस्त्यांची डागडुजी पॅरिशवर आली, १६०१ च्या कायद्याने गोरगरिबांना पोसणंही. एखादी निराधार म्हातारी कोणत्या गावाने सांभाळायची, हे शिवेवरून ठरायचं. सविस्तर नकाशे तेव्हा नव्हते. म्हणून येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या आधीच्या दिवसांत इंग्लंडभर पाद्री, कारभारी, म्हातारे आणि पोरं मिळून निघत. शिवेचे दगड आणि झाडं काठ्यांनी बडवत. कुठे कुठे तर पोरांनाच त्या दगडावर आपटत, म्हणजे म्हातारपणीही त्यांना जागा आठवावी! हा क्रूरपणा मला पटत नाही. पण त्यामागची गरज खरी होती. एकट्या माणसाची आठवण तंट्यात टिकत नाही, वीस जणांची टिकते.

आज सेल्बर्नला फिरायला निघालात तर चर्चच्या अंगणापासून सुरुवात करा. तिथे यू जातीचा एक प्रचंड वृक्ष होता. व्हाइट यांच्या काळी त्याच्या बुंध्याचा घेर २३ फूट होता. १९९० च्या जानेवारीतल्या वादळात तो कोसळला. गावामागे खडूच्या दगडाचा उभा चढ आहे, बीचच्या झाडांनी भरलेला. त्यावर नागमोडी वाट आहे, ती १७५३ साली व्हाइट आणि त्यांच्या भावाने खणून काढली. ती आजही चालती आहे. पण मला जास्त ओढ आहे ती तिथल्या खोल गल्ल्यांची. गाड्यांच्या वर्दळीने आणि पावसाच्या पाण्याने दगड झिजत झिजत हे रस्ते शेतांच्या पातळीपेक्षा काही ठिकाणी सोळा-अठरा फूट खाली गेले होते, असं व्हाइट यांनीच लिहून ठेवलं आहे. दोन्ही बाजूंनी दगडाच्या भिंती, त्यांतून लोंबणारी मुळं. पिढ्यान्‌पिढ्या माणसं चालली की जमीन किती खचते, ते तिथे डोळ्यांना दिसतं.

आता कायद्याचं. १९४९ च्या कायद्यानंतर इंग्लंडमधल्या पायवाटा अधिकृत नकाशावर आल्या. त्यासाठी गावोगावच्या पॅरिश कौन्सिलांनी वाटा पायी फिरून नोंदवल्या. वाट खासगी शेतातून गेली तरी चालण्याचा हक्क सगळ्यांचा. शेतकऱ्याने नांगरट केली तर चौदा दिवसांत निदान एक मीटर रुंदीची वाट पुन्हा करून द्यायची. पण करून दिली की नाही, हे कोण बघणार? गटागटाने फिरणारी माणसंच बघतात. कुंपण ओलांडायची लाकडी पायरी मोडलेली दिसली की ती काउंटीला कळवतात.

आपल्याकडेही अडवलेली वहिवाट मोकळी करण्याचा अधिकार १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्याने तहसीलदाराला आहे. पण अर्ज एकट्यादुकट्याने केला की ते दोन बांधकऱ्यांचं भांडण होऊन बसतं. पाणंद तर सगळ्या गावाची असते. म्हणून माझं सांगणं आहे, भूमी अभिलेखच्या कचेरीतून गावनकाशाची प्रत काढा, पिकं निघाली की जुन्या जाणत्यांना आणि शाळेतल्या पोरांना बरोबर घ्या आणि आपल्या गावची शीव एकदा पुरती चालून या. दोन दिवस लागले तरी लागू द्या.