कॉर्निया बदलल्यानंतरचा लाल डोळा

श्रोतेहो, नमस्कार. दरवर्षी 25 ऑगस्ट ते 8 सप्टेंबर या पंधरवड्यात नेत्रदानाबद्दल आपण पुष्कळ ऐकतो. पण दान मिळालेला कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, ज्याच्या डोळ्यात बसतो, त्याला पुढे काय सांभाळावे लागते, हे क्वचितच सांगितले जाते.

फूल पडलेला कॉर्निया काढून त्या जागी नवा बसवतात, तो केसाहून बारीक नायलॉनच्या टाक्यांनी. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसल्याने तो पारदर्शक असतो, परंतु त्याच कारणाने जखम फार सावकाश भरते आणि टाके अनेकदा वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ ठेवावे लागतात. शरीराने परका कॉर्निया नाकारू नये म्हणून या काळात स्टिरॉइडचे थेंब चालू असतात, आणि त्यांमुळे डोळ्याची प्रतिकारशक्तीही कमी होते. अशा वेळी एखादा टाका सैल झाला किंवा तुटला, तर तेथे चिकट स्राव साचतो आणि स्टॅफिलोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस किंवा स्युडोमोनास यांसारख्या जिवाणूंना आत शिरायला वाट मिळते.

फसगत होते ती पुढे. शस्त्रक्रियेत कॉर्नियाचे संवेदनातंतू कापले गेलेले असल्यामुळे संसर्ग होऊनही डोळा फारसा दुखत नाही, आणि दुखत नाही तोवर दवाखाना कशाला, ही आपली जुनी सवय! म्हणून लाली, उजेड सहन न होणे, धूसर दिसणे, चिपडे येणे किंवा पांढरा ठिपका, यांपैकी एकही लक्षण दिसले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावे. डॉक्टर सैल टाका काढतात, व्रण खरवडून नमुना तपासणीला पाठवतात आणि प्रतिजैविकाचे थेंब सुरुवातीला बहुधा दर तासाला, रात्रीसुद्धा, घालायला सांगतात. स्टिरॉइड आपल्या मनाने बंद केले तर कॉर्निया नाकारला जाऊ शकतो, आणि तसेच चालू ठेवले तर संसर्ग बळावू शकतो. तो निर्णय डॉक्टरांचाच.

करमाळा किंवा मंगळवेढ्याहून सोलापूरला यायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, हे खरे आहे. तरीही मेडिकलमधून मागून आणलेले थेंब घालू नयेत. त्यांत स्टिरॉइड असू शकते. ऊसतोडणीला, ज्वारीच्या काढणीला किंवा कारखान्यातल्या धुळीत काम करताना संरक्षक चष्मा लावावा, आणि पंढरपुरी गेल्यास चंद्रभागेत डुबकी न घेता पाय धुऊन दर्शनाला जावे.

रुग्णालयात केसपेपर काढतानाच “माझा कॉर्निया बदललेला आहे” असे सांगावे आणि शस्त्रक्रियेचे कार्ड दाखवावे, म्हणजे साध्या डोळे आलेल्या रुग्णांच्या रांगेत ताटकळावे लागणार नाही.