औषधाला न जुमानणारे जिवाणू आणि कच्चे मांस

श्रोतेहो, नमस्कार.

दुकानातून आणलेले चिकन नळाखाली खळखळून धुतले की ते स्वच्छ झाले, अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात त्या पाण्याचे बारीक तुषार ओट्यावर, शेजारच्या भांड्यांवर आणि चिरून ठेवलेल्या काकडीवर उडतात आणि त्यांच्याबरोबर साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, ई. कोलाय हे जिवाणूही पसरतात. चिकन पुढे शिजते. काकडी मात्र तशीच खाल्ली जाते.

हे जिवाणू प्राण्यांच्या आतड्यांत असतात आणि कत्तलीनंतर आतडी काढताना मांसाला लागतात. हे पूर्वीपासून चालत आले आहे. अधिक काळजीची गोष्ट ही, की त्यांतील अनेक जिवाणू आता प्रतिजैविकांना दाद देत नाहीत. आजारी प्राण्याला औषध द्यायलाच हवे. परंतु निरोगी प्राण्यांचे वजन झपाट्याने वाढावे म्हणून खाद्यातून रोज थोडे थोडे प्रतिजैविक दिले जाते, तेव्हा औषधाने मरणारे जिवाणू मरतात आणि न मरणाऱ्यांना रान मोकळे मिळते. युरोपीय संघाने वजनवाढीसाठीचा हा वापर २००६ पासून पूर्णपणे बंद केला, तो याच कारणाने.

कोलिस्टिनचे उदाहरण पाहा. इतर औषधे थकली की अत्यवस्थ रुग्णासाठी डॉक्टर ज्याच्याकडे वळतात, असे हे औषध. त्याला निष्प्रभ करणारे एमसीआर-१ हे जनुक चीनमध्ये डुकरांत, विक्रीच्या कच्च्या मांसात आणि रुग्णांतही सापडल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले. हे जनुक प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या सुट्या कड्यावर असते आणि एक जिवाणू ते दुसऱ्याला, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही, देऊ शकतो. मला सर्वांत धास्ती वाटते ती याची. कारण मांसातून पोटात गेलेला जिवाणू आपल्याला आजारी न पाडताही आपल्या आतड्यांतल्या जिवाणूंना हे बळ देऊन जाऊ शकतो.

औषधाला न जुमानणारा हा जिवाणू उष्णतेपुढे मात्र इतरांसारखाच मरतो. मांस आतपर्यंत ७० अंश सेल्सिअसला शिजले पाहिजे. खिम्याच्या बाबतीत तर हे कटाक्षाने पाळावे, कारण मांसाच्या पृष्ठभागावरचे जिवाणू दळताना आत मिसळलेले असतात. गोठवल्याने ते मरतीलच असे नाही. म्हणून फ्रीजमध्ये कच्चे मांस झाकून, सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावे, म्हणजे त्याचे पाणी इतर अन्नावर ठिबकणार नाही. आणि मांस कापलेली सुरी साबणाने व गरम पाण्याने धुतल्याशिवाय दुसऱ्या कशालाही लावू नये.